सरकारमान्य मंगलताई

माझ्या ऑफिसच्या दारावर एक पाटी आहे. 'भेट फक्त वेळ ठरवूनच.' जर्मनमध्ये, ठळक अक्षरांत, आणि 'फक्त'च्या खाली रेघ. रेघ मी मारली आहे, कारण माझा स्वभावच तसा किरकिरा. ठरवलेल्या वेळेला इथे 'टेर्मिन' म्हणतात. मंगलताई शेटे पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी ती पाटी शेवटपर्यंत वाचली. मी काचेतून बघत होते. ओठ हलत होते, बोट अक्षरांवरून सरकत होतं. वाचून झाल्यावर त्यांनी दार उघडलं, बूट कोपऱ्यात काढून ठेवले आणि म्हणाल्या, "टेर्मिन घ्यायलाच आलेय. आत्ताचा चालेल मला."

मी कार्ल्सरूहेत शपथ घेतलेली भाषांतरकार आहे. म्हणजे कोर्टापुढे उभं राहून मी सांगितलंय की कागदात आहे ते सगळं लिहीन आणि नाही ते लिहिणार नाही. जन्माचे दाखले, लग्नाचे दाखले, अधूनमधून एखादा घटस्फोट. कधी कुठल्या खात्यात दुभाषी म्हणूनही बसावं लागतं. वीस वर्षं हेच चाललंय. या धंद्यात माणूस जरा कोरडा होतो, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतं. समोरच्याने फाइल द्यावी, मी तारीख द्यावी, नमस्कार.

मंगलताईंनी फाइल मांडीवरच धरून ठेवली आणि विचारलं, घरी कोण कोण असतं? मी सांगितलं. नवरा जर्मन, मुलीला मराठी कळतं पण उत्तर जर्मनमध्ये देते, सासूबाई फोर्त्सहाइमला, आई पुण्याला. एवढं सांगून मी फाइलकडे हात पुढे केला. तोवर त्यांनी माझ्याच टेबलावरचा एक कोरा अर्ज उलटा करून त्यावर चित्र काढायला घेतलं होतं. बायकांना गोल, पुरुषांना चौकोन, मधे रेघा. सोशल वर्कची माणसं कुटुंबाचा असा नकाशा काढतात हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मला आणि माझ्या सासूबाईंना जोडणारी रेघ मात्र त्यांनी सरळ न काढता करवतीच्या दात्यांसारखी काढली. ही अशी का, म्हणून मी विचारलं. त्या म्हणाल्या, "ते तुला माहीत." आणि मी, जी पावतीपलीकडे कुणाशी बोलत नाही, पाऊण तास सासूबाईंबद्दल बोलत बसले. पुढचा माणूस वेळ ठरवून आलेला होता. तो बाहेर उभा राहून पाटी वाचत होता.

मंगलताई मूळच्या सांगलीकडच्या. तिथल्या एका धर्मादाय इस्पितळात बावीस वर्षं सोशल वर्कर होत्या. पेशंट त्यांना 'सोशलबाई' म्हणत. डॉक्टर आजार सांगून गेला की उरलेलं सगळं सोशलबाईंकडे. गावी निरोप कोण देणार, म्हातारीला सांभाळणार कोण, नवरा खरंच कामावर गेलाय की पळालाय. मग शेटेसाहेबांना इथल्या एका यंत्रांच्या कंपनीत जागा मिळाली आणि मंगलताई एक्कावन्नाव्या वर्षी कार्ल्सरूहेत आल्या. शेटेसाहेब शांत गृहस्थ. प्रत्येक कागदाच्या तीन प्रती काढायच्या, तीन वेगळ्या रंगांच्या फोल्डरात लावायच्या आणि कुठली प्रत कुठे आहे याची चौथी एक यादी ठेवायची, हा त्यांचा संसारातला वाटा. इथे आल्यावर त्यांना हे आपलंच गाव वाटलं म्हणतात.

मंगलताईंना हवं होतं ते एका ओळीत सांगण्यासारखं होतं. जर्मनीत सोशल वर्कची पदवी असून भागत नाही, त्यावर सरकारची मान्यता लागते. 'श्टाटलिश आनेर्कान्ट', म्हणजे सरकारमान्य, एवढं नावापुढे लागलं की माणूस पोरांच्या ताब्याच्या भांडणात, दवाखान्यात, सरकारी खात्यात अधिकाराने बोलू शकतो. नसलं की तो मदतनीस. परदेशातून आलेल्याने आपलं शिक्षण, कामाचे तास, चारित्र्याचा दाखला, भाषेची परीक्षा असं सगळं मांडायचं आणि खात्याने इथल्या अभ्यासक्रमाशी ताडून बघायचं. कमी पडेल तेवढं इथे भरून काढायचं. मी हे सगळं समजावून सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बावीस वर्षं लोक सोशलबाई म्हणत होते. आता एकदा सरकारनं म्हणू दे. मदतनीस म्हणून नाही गं मरायचं मला."

भाषेच्या परीक्षेत त्या पहिल्यांदा नापास झाल्या. तोंडी परीक्षेत दोघा उमेदवारांनी मिळून एक सहल ठरवायची होती. मंगलताईंनी समोरच्या सीरियन माणसाला विचारलं की घरी कोण कोण असतं, आणि सहल राहिली बाजूला. परीक्षक बाईही ऐकत बसल्या आणि मग वेळ संपला म्हणाल्या. दुसऱ्या खेपेला मी बजावून पाठवलं की समोरच्याला आईबाप नाहीत असं समजायचं. पास झाल्या.

तोवर त्या एका वृद्धांच्या दिवसकेंद्रात मदतनीस होत्या. काम काय, तर कॉफी ओतायची, आजीआजोबांशी पटावरचे खेळ खेळायचे, आणि फिरायला निघताना कोट चढवून द्यायचा. त्यांचं एक वाक्य होतं, आधी ऐकून घ्यायचं, मग लिहून घ्यायचं. केंद्रात लिहून घ्यायची माणसं वेगळी होती, ऐकून घ्यायला कुणी नेमलेलं नव्हतं, म्हणून ते काम त्यांनी आपल्याकडे घेतलं. एक आजोबा गुरुवारी जेवायचे नाहीत. सगळ्यांनी ते पोटाच्या तक्रारीत टाकलं होतं. मंगलताई तीन गुरुवार त्यांच्याबरोबर सोंगट्या खेळल्या, मुद्दाम हरल्या, आणि चौथ्या गुरुवारी कळलं की पूर्वी गुरुवारी त्यांची मुलगी जेवायला यायची. भांडण झालं आणि ती यायची थांबली. मंगलताईंनी केंद्राच्या वहीतून मुलीचा नंबर काढला आणि सरळ फोन लावला. पुढच्या गुरुवारी मुलगी हजर. आजोबांनी बटाटे दोनदा वाढून घेतले.

शुक्रवारी मंगलताईंना ऑफिसात बोलावून घेतलं. केंद्राच्या प्रमुख फार सभ्य होत्या. त्यांनी आधी अभिनंदन केलं, मग लेखी ताकीद दिली. नातेवाइकांशी बोलणं हे सोशल वर्करचं काम, नंबर ही आजोबांची खासगी बाब, आणि त्यांची परवानगी कुणी घेतली होती? मंगलताई थेट माझ्याकडे आल्या, अर्थात वेळ न ठरवता. मला वाटलं आता ह्या जर्मन लोकांच्या नावाने बोटं मोडणार. पण त्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या की बाई बरोबर बोलत होत्या. आजोबांना विचारायला हवं होतं. तिकडे इस्पितळात आपण कुणाला विचारत नव्हतो, माणसं आपल्या हवाली व्हायची. "चांगलं झालं म्हणून बरोबर झालं असं नसतं," त्या म्हणाल्या. मी त्यांची समजूत काढायला चहा केला होता, पण समजूत काढण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मग आम्ही नुसता चहा घेतला.

आणि मग आला वह्यांचा महिना.

खात्याने पत्र पाठवलं की पदवी ठीक आहे, पण शिक्षणात प्रत्यक्ष कामाचे किती तास झाले आणि ते कुणाच्या देखरेखीखाली, याचा पुरावा द्या. मंगलताईंच्या कॉलेजात तो विभाग कधीच बंद पडला होता आणि जुनी दप्तरं कृष्णेच्या पुरात भिजून लगदा झाली होती. शेटेसाहेबांच्या तिन्ही रंगांच्या फोल्डरात हा कागद नव्हता आणि त्यांना ते फार लागलं. पण मंगलताईंकडे चार जाड वह्या होत्या. आपल्याकडे सोशल वर्क शिकताना आठवड्यातून दोन दिवस वस्तीत, दवाखान्यात, निरीक्षणगृहात पाठवतात आणि जे पाहिलं, ऐकलं, केलं ते सगळं लिहून काढायला लावतात. त्याला ते लोक 'रेकॉर्डिंग' म्हणतात. दर आठवड्याला तपासणाऱ्या मॅडमची लाल शाईतली सही, तारीख, तास. याहून भक्कम पुरावा कुठल्या खात्याला मिळाला असता? शेटेसाहेब सुट्टीत गावी जाऊन त्या वह्या माळ्यावरून काढून घेऊन आले. निवडक चाळीस पानांचं भाषांतर करायचं ठरलं.

वह्या माझ्या टेबलावर ठेवल्या आणि मी पहिलं पान उघडलं, तशी त्यांनी ती झटकन मिटली. म्हणाल्या, यात माणसं आहेत. नावानिशी. वस्तीतली बाई, तिचा नवरा, तिचा दीर, कुणी काय केलं, सगळं. तीस वर्षांपूर्वी त्या बाईला सांगितलं होतं की हे माझ्यात आणि माझ्या मॅडममध्ये राहील. मी म्हटलं, मग नावांवर काळी शाई फिरवू. आपण झेरॉक्स काढू आणि त्यावर फिरवू.

"झेरॉक्सच्या दुकानात नेऊन?"

मी म्हटलं, अहो ताई, दुकानदार तुर्की आहे, त्याला मराठी कुठून येणार. त्यावर त्या म्हणाल्या, मागे रांगेत कोण उभं असेल ते सांगता येतं का? आता कार्ल्सरूहेत टेक्निकल युनिव्हर्सिटीमुळे मराठी पोरं इतकी झालीत की बेकरीत उभं राहून कुणाची उणीदुणी काढायची सोय राहिलेली नाही. मला हरकत घेता येईना. माझ्या ऑफिसात कॉपीचं मशीन आहे हे त्या क्षणी त्यांनाही सुचलं नाही आणि, सांगायला लाज वाटते, मलाही नाही. त्यांनी जाड काळं पेन काढलं आणि मूळ वहीवरच कामाला लागल्या.

तीन रविवार त्या माझ्या जेवणाच्या टेबलाशी बसून होत्या. नाव आलं की काळी पट्टी. गावाचं नाव, काळी पट्टी. 'तिचा मोठा दीर जो अमुक गिरणीत', पूर्ण ओळ काळी. मी त्यांच्यामागून एकेक पान घेऊन भाषांतर करत होते आणि माझी शपथ अशी की कागदावर जे दिसतं ते सगळं लिहायचं. त्यामुळे माझं जर्मन भाषांतर असं झालं: 'आज (शाई फासलेली) हिच्या घरी गेले. (शाई फासलेली) घरी नव्हता. (शाई फासलेली) हिने सांगितलं की (दीड ओळ शाई फासलेली) आणि मग ती फार रडली.' मला रात्रंदिवस तेच डोळ्यांपुढे. एका बाईने घर सोडायचं ठरवलं होतं, गाठोडं बांधलं होतं, आणि पुढचं अर्धं पान काळं. मी न राहवून विचारलं, गेली का हो ती?

मंगलताई चष्म्यावरून माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुला सांगायचं असतं तर पेन कशाला झिजवलं असतं?"

मी चिडले. अजूनही त्या बाईचा विचार मनात आला की चिडते.

शेटेसाहेब तिसऱ्या रविवारी संध्याकाळी वह्या न्यायला आले. त्यांनी एक वही उघडली, मग दुसरी उघडली. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. "मूळ प्रतीवर?" एवढंच म्हणाले आणि सोफ्यावर बसले. माझ्या नवऱ्याने त्यांना पाणी आणून दिलं.

त्यांना वाटलं होतं तेच झालं. खात्याचं उत्तर आलं की कागदपत्रात फेरफार केलेला असल्यामुळे ते पुरावा म्हणून ग्राह्य नाहीत. अर्जदाराने प्रत्यक्ष येऊन खुलासा करावा. मंगलताईंनी मला दुभाषी म्हणून बरोबर नेलं. जर्मन येत होतं त्यांना, पण इथे एकही शब्द चुकून चालणार नव्हता. शेटेसाहेब तिन्ही फोल्डर घेऊन आमच्या मागे.

खात्यातल्या बाई म्हणजे फ्राऊ हाइन्त्स. कडक, पण प्रामाणिक. त्यांनी मार्ग काढून ठेवला होता. प्रत्येक काळ्या पट्टीला क्रमांक द्या, कुठल्या पट्टीखाली काय होतं त्याची यादी करा, खाली शपथेवर सही करा. यादी मिळाली की तास मान्य, मग इथे फक्त सहा महिने काम आणि कायद्याचा छोटा अभ्यासक्रम. यादी नाही दिली तर तास शून्य धरावे लागतील. मग पूर्ण दीड वर्ष देखरेखीखाली काम, सगळा कायदा, आणि शेवटी समितीपुढे परीक्षा. त्यात नापास झालं तर अर्ज बंद.

मंगलताईंना एकेक नाव पाठ होतं. पेनाने पट्टी मारताना त्यांचे ओठ हलायचे ते मी पाहिलं होतं. यादी एका दुपारचं काम होतं. पण त्यांनी मला एक प्रश्न विचारायला सांगितला: ती यादी तुमच्याकडे किती जण वाचतील? फ्राऊ हाइन्त्सनी बोटांवर मोजलं. त्या स्वतः, दुसरी सही करणारे सहकारी, युनिव्हर्सिटीतले तज्ज्ञ, शिवाय दप्तरखाना.

शेटेसाहेबांनी मागून हळूच मराठीत सांगितलं, "अगं, इथं कोण ओळखतंय त्यांना? निम्मी माणसं वारली असतील."

"मेलेल्या माणसाचं गुपित काय उघड्यावर टाकायचं असतं होय?" मंगलताई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "सांग त्यांना, दीड वर्ष."

त्या तेव्हा चोपन्नच्या होत्या. परतीच्या ट्राममध्ये मी त्यांच्याशी बोलले नाही. मला राग आला होता. सांगलीतल्या कुठल्याशा वस्तीतल्या, कधीच्या काळच्या बाईसाठी ही बाई आपलं दीड वर्ष देते आणि वर नापास व्हायचा धोका पत्करते, हे माझ्या हिशेबात बसत नव्हतं. मधेच शेजारच्या आजींना त्यांनी विचारलं, घरी कोण कोण असतं.

दीड वर्ष त्यांनी एका कुटुंब सल्ला केंद्रात काढलं. देखरेखीला फ्राऊ ब्रेनर, वय तीस, मंगलताईंच्या निम्म्याहून थोडी मोठी. तिने पहिल्या आठवड्यात नियम सांगितले. लोकांच्या घरी खायचं नाही, त्यांना खायला न्यायचं नाही, अहोजाहो सोडायचं नाही, आणि कितीही रडलं तरी आधी विचारल्याशिवाय पाठीवर हात ठेवायचा नाही. शंकरपाळ्यांचा डबा परत आला. मंगलताई मला फोनवर म्हणाल्या की गेनाऊ, अगदी बरोबर गं, पटतंय सगळं, पण हाताला सांगायचं कसं? मग त्या लोकांशी बोलताना हात मांडीखाली दाबून बसायला लागल्या. फ्राऊ ब्रेनरने अहवालात लिहिलं की अर्जदाराची बसण्याची पद्धत तणावपूर्ण वाटते.

एका दुपारी मी कोर्टाच्या कामात असताना त्यांचे ओळीने सहा फोन येऊन गेले. घाबरून बाहेर येऊन उलट फोन केला. पलीकडून आवाज आला, कलम दोनशे तीन! कायद्याच्या तासाला शिकवलं होतं की सरकारमान्य सोशल वर्करने लोकांचं गुपित फोडलं तर तो गुन्हा आहे, आणि ज्याचं गुपित आहे तो माणूस मेल्यानंतरही तो गुन्हाच राहतो. आता यांना सांग, त्या म्हणाल्या. 'यांना' म्हणजे शेटेसाहेबांना. ते शेजारीच बसलेले असावेत, कारण मला त्यांचं 'बरं बरं' ऐकू आलं.

समितीच्या परीक्षेच्या दिवशी आम्ही दोघं बाहेरच्या बाकावर बसलो होतो, मी आणि शेटेसाहेब. त्यांनी फोल्डर आणले नव्हते. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं. तासाभराने मंगलताई बाहेर आल्या, बाकावर आमच्यामध्ये बसल्या आणि म्हणाल्या, "झालं. पास." मग पदराने डोळे पुसायला गेल्या आणि अंगात कोट आहे हे लक्षात आल्यावर बाहीने पुसले. मलाही रडू आलं. त्या दिवसापासून माझा त्यांच्यावरचा राग गेला, आणि ट्राममध्ये गप्प बसल्याची लाज मात्र राहिली.

त्यानंतर त्या कामात बुडाल्या आणि भेटी कमी झाल्या. शेवटच्या भेटीलाही आता वर्ष होत आलं. त्या वेळी मला एका सरकारी खात्यातून दुभाषी म्हणून बोलावणं आलं होतं. एक मराठी बाई, नुकतीच या देशात आलेली. कोण, कुठली, प्रकरण काय, ते मी सांगणार नाही. खोलीत गेले तर त्या बाईच्या शेजारी मंगलताई. मी चक्रावले. जिथे सोशल वर्करच मराठी आहे तिथे दुभाषी कशाला? मंगलताईंनीच लेखी मागणी केली होती, असं नंतर कळलं. कारणही लिहिलं होतं: मी भाषांतर करत बसले तर यांच्या बाजूने बोलायला खोलीत कुणी उरणार नाही.

त्यांनी मला ओळख दाखवली नाही. फक्त मान हलवली, नियमाप्रमाणे. त्या बाईने भीतभीत विचारलं, ताई, तुम्ही मराठी? मंगलताई म्हणाल्या, "हो. पण तुमचं बोलणं या तिकडे पोचवतील. मी तुमच्यासाठी आलेय."

अधिकाऱ्याने सगळ्यांना आपापलं नाव आणि हुद्दा सांगायला सांगितला, टेपवर घेण्यासाठी. मंगलताईंनी जर्मनमध्ये सांगितलं. मंगल शेटे, श्टाटलिश आनेर्कान्ट सोशल वर्कर. ते मराठीत आणायचं काम माझं. कागदावर हे शब्द मी त्यांच्याचसाठी कितीतरी वेळा लिहिले होते. तोंडाने कधी म्हणाले नव्हते. वीस वर्षांत पहिल्यांदा मी वाक्य सुरू करण्याआधीच थांबले. अधिकाऱ्याने वर पाहिलं. मंगलताईंना ते वाक्य स्वतःच मराठीत म्हणता आलं असतं, पण त्या समोर बघत, हात मांडीवर ठेवून थांबून राहिल्या.

"या मंगल शेटे," मी म्हणाले. "सरकारमान्य सोशल वर्कर."

त्या बाईने खालच्या खाली आपली खुर्ची मंगलताईंकडे वीतभर सरकवली, आणि अधिकाऱ्याने पहिला प्रश्न विचारला.